बेक्ड ओटमील रविवारी मऊ, बुधवारी वातड

रविवारी दुपारी बेक्ड ओटमीलचा, म्हणजे दूध-अंड्यात कालवून ओव्हनमध्ये भाजायच्या ओट्सचा, ट्रे भाजला. गरम असताना सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला, छान झालंय म्हणाले. सोमवारी ठीक होतं. मंगळवारी मायक्रोवेव्हमधून काढलं तर कडा वातड, मधला भाग कोरडा, घशाखाली उतरवायला चहाचा घोट लागतो. बुधवारी मुलांचा डबा जसाच्या तसा परत येतो आणि गुरुवारी गाडी पुन्हा पोह्यांवर. एखाद्या वेळी असं होणं समजू शकतं. दर आठवड्याला होत असेल तर कृतीतच काहीतरी बदलायला हवं.

काही घरांतली तक्रार नेमकी उलटी असते: वरून खरपूस, मध्ये गिच्च. तिसरी तक्रार म्हणजे तळाशी पाणी. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की दुखणं वाढतं. मध्ये कच्चं राहतंय म्हणून दूध कमी केलं तर कडा कडक होतात आणि मधला भाग तरीही कच्चाच राहतो, कारण तिथे बऱ्याचदा दोष दुधाचा नसतो, भांड्याचा असतो.

बहुतेक कृती ओव्हनमधून काढून तासाभरात खाण्यासाठी बेतलेल्या असतात. अमेरिकेत हा पदार्थ पेनसिल्व्हेनियातल्या आमिश (जुन्या, साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) लोकांच्या नावाने ओळखला जातो, आणि तिकडे तुकडा वाटीत घेऊन वरून दूध ओतून खायची पद्धत आहे. म्हणजे कोरडेपणाचा बंदोबस्त ताटलीतच होतो. आपण तोच तुकडा फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवून, सुका, डब्यात देतो. त्यामुळे आठवडाभरासाठी करायचं असेल तर मिश्रण मुद्दाम पातळ ठेवायचं आणि ट्रे मुद्दाम लवकर काढायचा. काढताना ‘अजून पाच मिनिटं हवी होती का?’ अशी शंका आली तर बहुधा बरोबर जमलंय.

(मिक्सरमधून फिरवून, एकेका वाटीत केकसारखे करतात ते बेक्ड ओट्स वेगळे. ते ताजेच चांगले लागतात, त्यांना साठवायच्या भानगडीत पडू नका.)

माझं प्रमाण असं: २० सेंटिमीटर चौकोनी ट्रेसाठी २०० ग्रॅम जाड ओट्स, ५५० मिलीलिटर दूध, २ अंडी, ६० ग्रॅम गूळ, २ मोठे चमचे साजूक तूप, १ लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा मीठ, एक पिकलेलं केळं कुस्करून, मूठभर अक्रोड किंवा बदामाचे तुकडे आणि वेलची-जायफळ. दालचिनी आवडत असेल तर ती घाला. माझ्या मते केळ्याबरोबर जायफळच जास्त खुलतं. लगेच खायचं असेल तर याच प्रमाणाला ४५० मिलीलिटर दूध पुरतं. वरचं १०० मिलीलिटर मंगळवार-बुधवारसाठी. सहा तुकडे होतात. मीठ विसरू नका. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, आणि ‘पुठ्ठ्यासारखं लागतं’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा फक्त मीठ राहून गेलेलं असतं.

आधी ओट्सचं पाकीट बघा

आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळतात ते बहुतेक झटपट शिजणारे, पातळ पापुद्र्यांचे ओट्स. दाणा कापून, वाफवून, पातळ लाटलेला असतो, म्हणून तो तीन मिनिटांत शिजतो आणि म्हणूनच ट्रेमध्ये त्याचा लगदा होतो. तुकडा कापला की सुरीला चिकट थर येतो, तोंडात गिजगा लागतो. हे भाजण्यात कमी पडल्यामुळे होत नाही. आणखी वीस मिनिटं ठेवलंत तरी तो लगदाच राहणार, फक्त वरून करपेल.

पाकिटावर ‘रोल्ड ओट्स’ लिहिलेलं हवं आणि पापुद्रा बोटांत धरल्यावर जाडसर, अख्खा लागायला हवा. पाकिटाच्या तळाशी पीठ जमलं असेल तर ते चाळून बाजूला काढा, थालीपिठात जाईल. घरात झटपटवालेच असतील आणि तेच संपवायचे असतील तर दूध ४५० वर आणा, मिश्रण अजिबात मुरवत ठेवू नका आणि दोन दिवसांत संपवा. कापीव दाण्याचे, म्हणजे स्टील-कट ओट्स याच प्रमाणात घातले तर कच्चे राहतात. ते रात्रभर भिजवून, जास्त दूध घालून, जवळजवळ तासभर भाजावे लागतात, तेव्हा या पोस्टपुरतं त्यांना बाजूला ठेवू. मसाला ओट्सचा प्रश्नच येत नाही, तरी कुणीतरी विचारतंच.

कोरडं आणि वातड

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र घडतात. पहिली स्टार्चची. फ्रीजमधला भात सकाळी टरटरीत होतो ना, तेच इथे होतं: शिजताना फुगलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो आणि धरलेलं पाणी सोडू लागतो. हे फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होतं, फ्रीजरमध्ये जवळपास थांबतं. म्हणून चौथ्या दिवशीचा तुकडा फ्रीजपेक्षा फ्रीजरमधून काढलेला जास्त मऊ लागतो. शिवाय ओट्समधला चिकट तंतू, बीटा-ग्लुकन, दूध शोषत राहतो. ट्रे बाहेर काढल्यावरही हे चालू असतं. रविवारी जे दूध तुम्हाला ‘जास्त’ वाटत होतं ते सोमवार सकाळपर्यंत दिसेनासं होतं.

दुसरी गोष्ट अंड्याची. अंडं जास्त तापलं की आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं. वातडपणा येतो तो इथून, ओट्समधून नाही. दोनऐवजी तीन अंडी घातली की तुकडा सुबक कापला जातो, पण दुसऱ्या दिवशी तो रबरासारखा ओढला जातो. प्रथिनं वाढवायची म्हणून अंडी वाढवणाऱ्यांनी त्याऐवजी दाणे, बदाम किंवा वरून घालायला दही वाढवावं.

ट्रे कधी काढायचा, हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण. १८० अंशाला तिसाव्या मिनिटाला दार उघडून ट्रे जरासा हलवा. कडा घट्ट असतील, भिंतींपासून केसभर सुटलेल्या असतील, आणि मधला तळहाताएवढा भाग सगळा एकत्र किंचित थरथरेल. थरथर चालेल, लाट नको. लाट उठली म्हणजे खाली अजून दूध आहे. मग सुरी कडेपासून दोन बोटं आत खुपसा: स्वच्छ यायला हवी. तीच मध्यावर खुपसा: ओलसर कण चिकटलेले असावेत, पांढरं दूध नसावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी निदान ७१ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे, अंड्याच्या सुरक्षिततेसाठी तेवढं लागतंच. त्यानंतर ट्रे बाहेर. पुढची दहा मिनिटं तो स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहतो, काचेचा असेल तर जरा जास्तच. वरचा रंग हवा तसा सोनेरी झाला नाही म्हणून थांबू नका. रंग बुधवारी कुणी बघत नाही.

गरम करण्यातही अर्धा घोटाळा होतो. फ्रीजमधून काढलेला तुकडा पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं फिरवला की कडांमधलं पाणी उडतं आणि मध्य अजून गारच असतो. तुकड्यावर एक मोठा चमचा दूध शिंपडा, वर ताटली झाका, मायक्रोवेव्हची ताकद निम्मी करा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बघा. मायक्रोवेव्ह नसेल तर तव्यावर थेंबभर तूप, तुकडा आडवा, झाकण, मंद आच. खरं सांगायचं तर मला हे मायक्रोवेव्हपेक्षा जास्त आवडतं, खालची बाजू छान खरपूस होते. पण सकाळी सातला व्हॅन येत असेल तर तवा काढायला वेळ कुणाला आहे!

मध्ये गिच्च

आधी भांडं मोजा. वरचं प्रमाण २० सेंटिमीटर चौकोनी ट्रेसाठी आहे, म्हणजे तळ ४०० चौरस सेंटिमीटर. आपल्या घरात केकचं गोल भांडं असतं, बहुधा ६ किंवा ७ इंची. ६ इंची गोल भांड्याचा तळ जेमतेम १८० चौरस सेंटिमीटर भरतो. तेच मिश्रण त्यात ओतलं की थर दुपटीहून जाड होतो, आणि उष्णता मध्यापर्यंत पोहोचेस्तोवर कडा करपायला लागतात. अशा भांड्यात निम्मंच प्रमाण घाला. थर तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका; बोटाच्या एका पेराहून जेमतेम वर, त्याहून जास्त नाही.

भांडं बरोबर असून मध्य कच्चा राहत असेल तर ओव्हनकडे बघा. छोट्या ओटीजीमध्ये, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी दांडी ट्रेच्या फार जवळ येते. वरून रंग चढतो, आपल्याला वाटतं झालं. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा, दोन्ही दांड्या चालू ठेवून निदान दहा मिनिटं आधी तापवा आणि वरून रंग आला की अॅल्युमिनियमची फॉइल सैल टाका. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत वीस-पंचवीसचा फरक असणं नवलाचं नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर एकदाच घ्या, केक-बिस्किटांनाही तोच कामाला येईल. मायक्रोवेव्ह-ओव्हन वापरत असाल तर तो कन्व्हेक्शनवर (पंख्याने गरम हवा फिरवून भाजणाऱ्या सेटिंगवर) आहे ना याची खात्री करा आणि तापमान १७० ठेवा, पंख्यामुळे वरचा भाग लवकर सुकतो.

भांडं काचेचं असेल तर ते सावकाश तापतं. पाच-सात मिनिटं जास्त धरा. फ्रीजमधून काढलेलं गार काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही सरकवू नका, तडकतं.

तळाशी पाणी, किंवा पिवळा थर

तुकडा उचलल्यावर खाली अंड्याच्या वडीसारखा गुळगुळीत पिवळा थर दिसत असेल तर ओट्सने दूध प्यायच्या आधीच ट्रे ओव्हनमध्ये गेलाय. ओट्स वर तरंगले, दूध-अंडं खाली बसलं. मिश्रण दहा मिनिटं बाजूला ठेवा, पुन्हा तळापासून ढवळा आणि मग ओता. एवढंच.

थर पिवळा नसून पाणी असेल तर पहिला संशयित फळ. किसलेलं सफरचंद मुठीत दाबून रस काढून घ्या (रस पिऊन टाका). महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मोसम असतो तेव्हा त्या मिश्रणात घालायचा मोह होतो. त्या भरपूर पाणी सोडतात. काप करून फक्त वर पसरा, किंवा भाजून झाल्यावर ताज्याच घाला. गोठवलेली फळं वितळू न देता, मूठभर कोरड्या ओट्समध्ये घोळवून घालावीत. आमरस घालायचा असेल तर तेवढं दूध कमी करावं लागतं. आणि न शिजवलेला अननस, पपई, किवी यांना दुधाच्या मिश्रणात पूर्ण बंदी: त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण थोडा वेळ राहिलं की कडवट होतं. अननस हवाच असेल तर आधी शिजवून घ्या, मग त्रास देत नाही.

दुसरा संशयित गूळ. यावर जरा थांबायला हवं, कारण ‘हेल्दी’ करायचं म्हणून साखर काढून गूळ घातला की ही तक्रार सुरू होते आणि दोष ओव्हनला दिला जातो. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि दूध तापताना तो सोबत असला की दूध फाटू शकतं. खीर करताना गॅस बंद करून गूळ घालतो ते याचसाठी. ट्रेमध्ये फाटलेलं दूध एकदम कळत नाही. तुकड्याच्या कडेला बारीक पांढरे दाणे दिसतात आणि त्यांच्याभोवती फिकट तपकिरी पाणी. सकाळी तापवलेलं दूध मे महिन्यात दुपारपर्यंत ओट्यावर राहिलेलं असेल तर हे हमखास होतं, कारण ते आधीच फाटायच्या बेतात असतं. दूध ताजं असेल तर फाटलेला तुकडा खाल्ल्याने अपाय होत नाही, पण पोत बिघडतो.

उपाय: गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा, गाळा (खडे-कचरा निघतोच), पूर्ण गार करा. हे पाणी दुधाच्या मापातून वजा करायचं. आधी ओट्स, तूप आणि गुळाचं पाणी एकत्र कालवा, मग फ्रीजमधलं गार दूध आणि फेटलेली अंडी. बेकिंग पावडरसोबत पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घातला तर गुळाची आंबट बाजू सावरली जाते. त्याहून जास्त सोडा घातला तर साबणाची चव येते. नाहीतर सरळ खजूर भिजवून वाटून घाला.

गुळाबद्दलच आणखी थोडं. गूळ, मध, साखर, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात तिन्ही गोडच. २०१५ सालच्या त्यांच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने दिवसाला अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, शक्य तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. ६० ग्रॅम गूळ सहा जणांत म्हणजे प्रत्येकी १० ग्रॅम. मुलांसाठी तेवढाही पुष्कळ झाला. केळं जास्त पिकलेलं असेल तर गूळ ४० वर आणता येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला तुकडा देऊ नका, भाजला असला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे दाणे-बदामही नकोत, जाडसर पूड करून घाला. आणि कोलेस्टेरॉलसाठी म्हणून करत असाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सबद्दलचा जो दावा मान्य केला तो दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचा आहे. आपल्या एका तुकड्यात ते सव्वा-दीड ग्रॅमच्या आसपास येतं. चांगली सुरुवात आहे, पण औषध नव्हे.

रात्री कालवून सकाळी भाजणं

हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. मला तितकासा वाटत नाही, कारण सकाळी पाऊण तास ओव्हन लावायचा तर ‘आधी करून ठेवलं’ म्हणण्यात अर्थ काय? तरी करायचंच असेल तर कोरडं एका भांड्यात आणि दूध-अंडं दुसऱ्यात फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी एकत्र करा. सगळं रात्रीच कालवलं तर ओट्स दूध पिऊन फुगतात, बेकिंग पावडरचा जोर ओल लागताच कमी व्हायला लागतो आणि सकाळी चपटा, गच्च तुकडा हाती येतो.

साठवण

ट्रे गरम असताना झाकण लावू नका. वाफ झाकणाला लागून परत तुकड्यांवर गळते आणि वरचा खरपूस भाग ओला, चिकट होतो. पण ‘पूर्ण गार होऊ दे’ म्हणत रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. दूध-अंड्याचा पदार्थ आहे. बाहेर दोन तासांची मर्यादा, आणि उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची. तुकडे कापून जाळीवर सुटे ठेवले की पंख्याखाली पटकन निवतात. मग बटर पेपर मध्ये घालून डब्यात. फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. म्हणजे रविवारच्या ट्रेमधले सोमवार-मंगळवारचे तुकडे फ्रीजमध्ये आणि बाकीचे त्याच संध्याकाळी फ्रीजरमध्ये, एकेक वेगळा गुंडाळून. आदल्या रात्री एक-एक खाली फ्रीजमध्ये उतरवायचा. फ्रीजरमध्ये दोन महिने सहज टिकतात.

वीज वारंवार जात असेल तर हेही लक्षात ठेवा: दार न उघडता फ्रीज साधारण चार तास गार राहतो. त्याहून जास्त वेळ लाइट नव्हती तर फ्रीजमधले तुकडे टाकून द्या, वास येत नसला तरी.

अंड्याशिवाय

बिनअंड्याच्या तुकड्याची तक्रार एकच, कापताना भुगा होतो. दोन अंड्यांऐवजी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून तिचा बुळबुळीत लगदा करून घाला आणि केळं एकऐवजी दीड. जवस आधी हलकं भाजून पूड केली तर कच्चट वास येत नाही. दही घालून बांधायचा प्रयत्न बरेच जण करतात. चव बरी येते, पण गुळासोबत दूध फाटायची शक्यता आणखी वाढते, त्यामुळे दही आणि गूळ एकाच ट्रेमध्ये घेऊ नका. बिनअंड्याचा ट्रे पाच-सात मिनिटं जास्त भाजावा लागतो आणि तो गरम असताना अजिबात कापायचा नाही. फ्रीजमध्ये दोन तास आवळू द्या, मग ओल्या सुरीने कापा.